टाकाऊपासून टिकाऊ, पण विकत आणून

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

गेल्या महिन्यात आठ-दहा दिवस मी पुण्याला मुलाकडे होते. नातू चौथीत आहे. एका रात्री साडेनऊला सूनबाईच्या मोबाइलवर त्याच्या वर्गाच्या ग्रुपचा निरोप आला. उद्या ‘बेस्ट आउट ऑफ वेस्ट’ आहे, प्रत्येकाने घरून एक वस्तू करून आणावी. खाली सामानाची यादी होती : थर्माकोलचा एक शीट, आइस्क्रीमच्या काड्यांचं एक पाकीट, तीन रंगांची चमकी, अ‍ॅक्रिलिक रंग, ग्लू गनच्या कांड्या आणि शेवटी ‘प्लास्टिकची एक रिकामी बाटली’.

घरपोच सामान देणाऱ्या अ‍ॅपवरून बहुतेक सगळं पंधरा मिनिटांत दारात आलं. बिल ६४० रुपये. नेमकी रिकामी बाटलीच घरात नव्हती. म्हणून शीतपेयाची मोठी बाटली मागवली. त्यातलं दोन पेले प्यायलं गेलं, उरलेलं बेसिनमध्ये ओतलं. टाकाऊ वस्तू मिळावी म्हणून चांगली वस्तू टाकून देण्याचा हा प्रकार मी पासष्टी उलटल्यावर पहिल्यांदा पाहिला.

नातू दहाला सोफ्यावरच झोपला. सूनबाई बारापर्यंत जागून ग्लू गनने काड्या चिकटवत बसली होती. सकाळी तिला ऑफिस होतं. तिचा यात काडीचाही दोष नाही. फुलदाणी सुरेख झाली, नातवाला ‘उत्कृष्ट’चं प्रमाणपत्र मिळालं. चौथ्या दिवशी फुलदाणी घरी परत आली आणि तिची चमकी माझ्या चहात, उशीवर, देवघरात सापडू लागली. पुढच्या रविवारी भंगारवाल्याला ती दाखवली तर तो म्हणाला, “आजी, नुसती बाटली असती तर घेतली असती. हे रंग-गोंद लावलेलं कोण घेणार?” कलेचा हात लागण्याआधी त्या बाटलीला किमान भंगाराची किंमत होती. आता ती सरळ कचराडेपोत जाणार.

थर्माकोलबद्दल वेगळं सांगायला नको. २०१८ साली राज्य सरकारने सजावटीच्या थर्माकोलवर बंदी घातली. त्या वर्षी गणपतीची मखरं करणारे कारागीर सवलत मागायला उच्च न्यायालयात गेले आणि त्यांना ती मिळाली नाही. मखरवाल्याने पोटासाठी थर्माकोल कापायचा नाही, आणि शाळेने तो पर्यावरणाच्या प्रकल्पासाठी यादीत मागवायचा! शाळेचं नाव लिहीत नाही. अशा याद्या गावोगाव फिरत असतात, त्या एकाच शाळेला धरून काय होणार?

मी इचलकरंजीची. एकतीस वर्षं प्राथमिक शाळेत शिकवलं आणि त्यातली वीस-बावीस वर्षं कार्यानुभवाचे तास माझ्याकडे होते. या विषयाचं बारसं किती वेळा झालं याची गंमत आहे. १९३७ च्या वर्ध्याच्या शिक्षण परिषदेनंतर गांधीजींची नयी तालीम आली, तिच्यातून शाळांत ‘मूलोद्योग’, म्हणजे हस्तव्यवसायातून शिक्षण, आला. मी स्वतः ज्या शाळेत शिकले तिचं नाव ‘जीवन शिक्षण विद्यामंदिर’ होतं. आम्ही पेळू आणि टकळी घेऊन सूत काढायला बसायचो आणि माझा धागा दर वितीला तुटायचा. पुढे कोठारी आयोगाच्या शिफारशीनंतर ‘कार्यानुभव’ आलं, मग ‘समाजोपयोगी उत्पादक कार्य’ आलं. आता कार्यशिक्षण म्हणतात. पाटी दर वेळी बदलली आणि वेळापत्रकातला तास दर वेळी गणिताच्या बाईंनी मागून घेतला. मीही गणिताची बाई असताना तो घेतलेला आहे, ते कबूल करते.

१९०४ साली विठ्ठलराव दातारांनी आमच्या गावात पहिला यंत्रमाग आणला. तेव्हापासून इथल्या कचऱ्याची जातच वेगळी आहे. पुण्यातल्या कचऱ्यात बाटल्या, तसे आमच्याकडे सुताचे कागदी कोन. सूत संपलं की कोन पोत्यांनी साठतात आणि किलोवर जातात. त्याशिवाय गुंतलेलं सूत, मशीन पुसायची चिंधी, तडा गेलेले लाकडी धोटे आणि नव्या मागांवर कापडाच्या कडेची कातरून पडणारी झालर. माझ्या वर्गातल्या चाळीस पोरांपैकी निम्म्यांच्या घरी कोणी ना कोणी मागावर, सूत गुंडाळायच्या कांडीवर नाहीतर धागे ओवायच्या वहिफणीत कामाला होतं. पहिल्या तासाला मी एवढंच सांगायचे : उद्या येताना तुमच्या गल्लीत जे रोज पडलेलं असतं ते आणा. विकत आणलेलं चालणार नाही, आणि आईला विचारल्याशिवाय घरातलं आणलेलंही चालणार नाही. (दुसरा नियम एका मुलाने वडिलांची चांगली बॉबीन उचलून आणल्यावर घालावा लागला.)

कचरा ओळखायला शिकणं हाच या विषयाचा पहिला धडा आहे, असं मला वाटतं. कुठला कचरा हातात घ्यायचा नाही, हेही त्यातच येतं. फुटकी ट्यूबलाइट, रंगाचे डबे, औषधांची पाकिटं, जुने सेल यांना हात लावायचा नाही. एकदा एका मुलीने सलाइनची नळी आणली होती, कुठून ते तिलाच ठाऊक. ती तिला कागदात गुंडाळायला लावून तिच्या वडिलांना बोलावून घेतलं. यादी लिहून देणाऱ्यांना या धड्याची गरजच पडत नाही. त्यांचा कचरा दुकानातून पाकिटात सीलबंद होऊन येतो.

झालरीची आम्ही पायपुसणी करायचो. तीन पदरांची लांबच लांब वेणी घालायची, ती गोल गुंडाळत न्यायची आणि प्रत्येक फेर आधीच्या फेराला सुईदोऱ्याने टाचत जायचं. मुलींना वेणी येतच होती. मुलगे पहिल्या दिवशी हसले. दुसऱ्या दिवशी त्यांची वेणी बघून मुली हसल्या, आणि तिसऱ्या दिवशी निम्मे मुलगे घरून बहिणीकडून शिकून आले. दोरा घट्ट ओढला की पायपुसणं वाटीसारखं वर उचलतं, सैल सोडला की मधे भोकं पडतात. सपाट पायपुसणं तिसऱ्या खेपेला जमायचं. पहिली दोन उसवायला लावायचे. उसवताना पोरं रडकुंडीला यायची, पण त्यांना शिवण कळायची ती तिथेच.

एका दिवशी मी फळ्याजवळ बसून झालरीचे तुकडे जोडत होते. एक पोरगं जवळ येऊन उभं राहिलं. थोडा वेळ बघून म्हणालं, “बाई, तसं न्हवं. हिकडं द्या.” दोन्ही टोकं त्याने अंगठा आणि तर्जनीत धरली, काहीतरी फिरवलं आणि गाठ बसली. एवढीशी, बाजरीच्या दाण्याएवढी. मी त्याला पुन्हा करायला लावलं. पाचव्या वेळी कुठे मला त्याचा अंगठा दिसला. त्याची आई कांडी मशीनवर होती. तुटलेला धागा जोडायची ती गाठ तो तिच्याजवळ बसून पाच-सहा वर्षांचा असतानाच शिकला होता. त्या तासाला बाई तो होता. पाढ्यांत तो कच्चा होता आणि नंतरही कच्चाच राहिला. गाठ आली म्हणून गणित येत नाही, उगाच गोष्ट रंगवत नाही. पण आपल्या आईला जे येतं ते शाळेत फळ्याजवळ उभं राहून दाखवण्यासारखं आहे, हे त्याला त्या दिवशी कळलं. आणि मला ती गाठ आजही येते.

सुईचा प्रश्न पालक नेहमी काढतात. तिसरीच्या पोराच्या हातात सुई द्यायची? मी द्यायचे. अंघोळीच्या साबणाच्या उरलेल्या चिपट्या मी जमवून ठेवल्या होत्या आणि सुया त्यांत टोचलेल्या असायच्या. साबणात खोचलेली सुई कापडातून सरसर जाते. तासाच्या सुरुवातीला चाळीस मोजून द्यायच्या, शेवटी चाळीस मोजून घ्यायच्या, एक कमी भरली तर ती मिळेपर्यंत कोणी उठायचं नाही. इतक्या वर्षांत टोचलं अनेकांना, पण सुई हरवली एकदाच. ती माझ्याच पदरात निघाली. आता पालक सुईला घाबरतात आणि ग्लू गन मात्र मुलाच्या हातात देतात. तिच्या तोंडाशी उकळता गोंद असतो, हे कोणी बघत नाही.

कागदाच्या पिशव्यांची गोष्ट तर आपल्या दैनिकाच्याच रद्दीची आहे. सहावीच्या मुलांना घेऊन मी वर्तमानपत्राच्या पिशव्या केल्या. गव्हाच्या पिठाची खळ शाळेतच स्टोव्हवर शिजवायची. बाइंडिंगवाले तिच्यात किडीसाठी मोरचूद घालतात, पण ते विषारी, म्हणून आम्ही नाही घालायचो. म्हणून खळ त्या त्या दिवशीच वापरायची, तिसऱ्या दिवशी ती आंबून वर्गात बसवेना. छापील कागदात खायचं काही बांधू नये, म्हणून किराणावाला सोडून पोरं शाळेजवळच्या हार्डवेअरवाल्याकडे गेली. त्याने कौतुकाने पन्नास पिशव्या घेतल्या. दोन दिवसांनी मधल्या सुट्टीत तो एका पिशवीसह वर्गाच्या दारात हजर! अर्धा किलो खिळे भरल्यावर पिशवीचा तळ सुटला होता आणि त्याच्या दुकानभर खिळे झाले होते.

मला वाईट वाटलं, पण खरा तास त्या दिवशी झाला. पोरांनी सुटलेली पिशवी उलगडून बघितली. तळाला कागदावर कागद एकच बोट चढला होता, आणि पिशव्या उन्हात वाळवल्यामुळे खळ वाळून तडकली होती. चढाव दोन बोटं केला. तळाला आतून एक चौकोनी तुकडा बसवला. सावलीत, पाट्यांच्या वजनाखाली वाळवल्या. आणि परीक्षा पोरांनीच ठरवली : अर्धा किलो खिळे भरून पिशवी हातात धरून उभं राहायचं, बाकीच्यांनी शंभरपर्यंत मोजायचं. तळ टिकला तर पास. हार्डवेअरवाल्याने पुढे तीन वर्षं पिशव्या घेतल्या आणि त्या पैशांत वर्गासाठी बारा कात्र्या आल्या. आपला अग्रलेख नेमका तळाशी आला की मुलं तो भाग दुमडताना वाचायची, हेही कळवते. सगळ्यांनी वाचला असं म्हणत नाही.

तर संपादक महोदय, माझं म्हणणं एवढंच आहे. टाकाऊपासून केलेली वस्तू वापरून बघितली पाहिजे. पिशवीत खिळे भरा, पायपुसण्यावर पाय पुसा, टोपलीत कांदे ठेवा. नुसती टेबलावर मांडून, गुण देऊन परत पाठवली तर ती वस्तू टाकाऊच राहते, मधे फक्त पैसे आणि एक रात्र खर्च होते.

टोपलीवरून आठवलं. कागदाच्या लगद्याच्या टोपल्या आमच्या आज्या करायच्या. रद्दी तीन दिवस भिजत घालायची, कुटायची, तिच्यात भिजवून वाटलेली मेथी मिसळायची आणि पालथ्या पातेल्यावर थापायची. मेथीचा चिकटपणा लगद्याला धरून ठेवतो आणि तिच्या कडू वासाला कीड येत नाही, असं आजी सांगायची. वाळायला आठवडा लागतो. एका रात्रीत ‘प्रोजेक्ट’ मागणाऱ्या शाळेला हे कसं परवडणार?

विज्ञानाचं म्हणाल तर अरविंद गुप्तांनी हे काम किती वर्षं केलं, ते सगळ्यांना ठाऊक आहे. आयआयटी कानपूरचा इंजिनिअर होशंगाबादच्या खेड्यांतल्या शाळांत रमला, पुढे पुण्यात आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेच्या विज्ञान केंद्रात बसून मुलांना कचऱ्यातून खेळणी शिकवत राहिला, २०१८ साली पद्मश्री झाला. आगकाड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्हची रबरी नळी एवढ्यावर त्यांनी भूमिती हातात आणून दिली. एका प्रशिक्षणात मी ते पहिल्यांदा करून पाहिलं. चार काड्यांचा चौकोन बोटाने दाबला तर कलतो, तीन काड्यांचा त्रिकोण हलत नाही. तोवर ‘त्रिकोण दृढ असतो’ हे वाक्य मी मुलांकडून पाठ करून घेत होते, स्वतः कधी दाबून बघितलं नव्हतं. आता गिअरच्या सायकलींना ती नळीच नसते. पण आमच्या गावात साध्या सायकली अजून आहेत आणि पंक्चरवाला मूठभर तुकडे फुकट देतो.

कायद्याने काय दिलंय तेही सांगते. शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या अनुसूचीत स्पष्ट लिहिलं आहे की सहावी ते आठवीत शंभराहून जास्त मुलं असतील तर कला, आरोग्य व शारीरिक शिक्षण आणि कार्यशिक्षण यांसाठी अंशकालीन निदेशक, म्हणजे अर्धवेळ शिक्षक, असावेत. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीच्या मुलांसाठी दहा दिवस दप्तराविना ठेवले आहेत. त्या दिवसांत मुलांनी सुतार, माळी, कुंभार अशा गावातल्या कारागिरांकडे शिकावं अशी अपेक्षा आहे. वाचायला हे फार छान आहे. माझ्या माहितीतल्या एका शाळेत त्यातले तीन दिवस भाषणांत गेले, एक दिवस सहलीत, आणि कारागीर म्हणून ज्यांना बोलावलं त्यांना शाल-श्रीफळ देऊन अर्ध्या तासात वाटेला लावलं. बुरुडाला शाल काय करायची? त्याचा दिवसाचा रोज बुडाला.

माझ्या गल्लीत एक मावशी वाकळा शिवून देतात. पुण्याकडे गोधडी म्हणतात ती आमची वाकळ. जुनी लुगडी, धोतरं, शर्टांच्या पाठी जमिनीवर थरांनी अंथरायच्या, कोपऱ्यांवर दगड नाहीतर वरवंटा ठेवायचा, चारी कडा टाचून घ्यायच्या आणि मग कडेकडेने आत आत फेर धरत धावदोरा घालत जायचं. मावशींना शिवणयंत्र येत नाही, टेप वापरत नाहीत. वितीने मोजतात आणि त्यांच्या ओळी आखल्यासारख्या येतात. त्यांच्याकडून मी एक गोष्ट शिकले. जुनी वाकळ फाटली की ती नव्या वाकळीच्या पोटात जाते. आधी लुगडं, मग वाकळ, मग दुसऱ्या वाकळीचं पोट, आणि अगदीच राम राहिला नाही की पोतेरं. असं एखादं कापड एका घरात तीस वर्षं राहतं. पुनर्वापर हा शब्द मावशींना सांगितला तर त्या विचारतील, बाई, ह्ये काय असतं?

अशा मावशींना शाळेने दहा दिवस रोजाने बोलवावं. मानधन द्यावं, सत्कार नको. सुताराला, पंक्चरवाल्याला, चपला सांधणाऱ्यालाही बोलवावं. पैसे कुठून आणायचे असं मुख्याध्यापक विचारतील. चाळीस मुलांच्या एका वर्गात प्रत्येकी ६४० रुपयांप्रमाणे एका रात्रीत पंचवीस हजार सहाशे रुपये पालकांच्या खिशातून गेले. हिशोब मी गणिताची बाई म्हणून केला आहे. सगळ्यांनी तेवढेच खर्च केले असतील असं नाही, निम्मे धरा. तेवढ्यात मावशी दहा दिवस येतील आणि मुलांच्या हाती सुया देऊन वर पैसे उरतील.

आणि कृपा करून वस्तू घरून करून आणायला सांगू नका. वर्गात करू द्या, वाकडी झाली तर वाकडी. घरून आणलेल्या वस्तूंच्या स्पर्धेत नंबर येतो तो आईच्या झोपेचा.

पुण्याहून निघायच्या चार दिवस आधी मी नातवाला घेऊन बसले. त्याचे लहान झालेले दोन टी-शर्ट, माझं एक विरलेलं सुती पातळ आणि सुनेचा फाटका दुपट्टा. अभ्यासाला बसताना खाली घ्यायला एक बसकर करायचं ठरलं, हातभर लांब, हातभर रुंद. पहिल्या दिवशी त्याने दोनदा बोट टोचून घेतलं आणि मोबाइल मागितला. दुसऱ्या दिवशी सात टाके घातले, त्यातले पाच मी उसवायला लावले. त्याने मला दुष्ट म्हटलं. तिसऱ्या दिवशी तो स्वतःच सुईदोऱ्याचा डबा घेऊन बसला आणि जेवायला हाका मारल्या तरी उठेना. मी निघाले तेव्हा तीन बाजू झाल्या होत्या.

परवा त्याचा फोन आला, “आजी, दोरा संपला. अ‍ॅपवरून मागवू?” म्हटलं, थांब. स्वयंपाकघरात तांदळाची दहा किलोची पिशवी आहे ना, तिचं तोंड ज्या दोऱ्याने शिवलंय तो काढ. चांगला जाड असतो. एका बाजूचं टोक धरलंस तर सरकन एका दमात सगळा हातात येईल, दुसऱ्या बाजूचं धरलंस तर जागच्या जागी आवळून बसेल. कुठलं टोक ते मी सांगणार नाही.

तो फोन ठेवून स्वयंपाकघरात पळाला. सापडलं की नाही, अजून कळवलेलं नाही.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका,
इचलकरंजी, जि. कोल्हापूर